ताप उतरला, जंतू उरला
गोचीडतापात गाईच्या शरीरातील टी पेशी कशी राखण करतात



ऊस विकास खात्याने गाईच्या तापावर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. लागण, खोडवा, बेणेबदल, खताचे हप्ते हे आमचे नेहमीचे विषय. परंतु आमची माणसे उसाची नोंद घ्यायला वस्तीवर जातात तेव्हा बांधावर जितके बोलणे होते, तितकेच गोठ्यापुढेही होते. उसाचे बिल येते ते हप्त्याहप्त्याने. दुधाचा पगार मात्र दहा दिवसांनी हातात पडतो. घरचा बाजार, मुलांची फी, दवाखाना हे सारे त्या पगारावर चालते. त्यातून संकरित गाय बहुतेक ठिकाणी कर्ज काढून आणलेली. अशी गाय आठ-दहा दिवसांच्या तापात दगावली तर तिचा हप्ता शेवटी उसाच्या बिलातूनच फेडावा लागतो. तेव्हा हा विषय आमच्या खात्याचा नव्हे, असे म्हणून भागत नाही.

गोठ्यापुढच्या या गप्पांत एक प्रश्न आम्हाला वरचेवर विचारला जातो. "साहेब, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ताप गेला, गाय वैरण खायला लागली. महिन्यांनी रक्त तपासलं तर म्हणतात जंतू अजून आहेच. मग औषध खोटं होतं का?"

औषध खोटे नव्हते. गोचीडतापाची गोष्टच अशी आहे की, गाय बरी होते आणि तरीही जंतू तिच्या अंगात राहतो. महिनोन्महिने, पुष्कळदा वर्षानुवर्षे राहतो. त्याला दाबून ठेवण्याचे काम गाईच्या रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी करीत असतात. त्यांना टी पेशी म्हणतात. या पेशी काय करतात, त्यांचा जोर कशाने टिकतो आणि कशाने मोडतो, हे समजले तर गोठ्यातले पुष्कळ नुकसान टळेल. म्हणून हा लेख. आम्ही शेतीची पदविका घेतलेली माणसे. गाईवर उपचार पशुवैद्यकानेच करायचा. पण ते जे सांगतात ते का सांगतात, हे पशुपालकाला कळले पाहिजे.

जंतू कोण आणि येतो कोठून

या रोगाच्या जंतूचे नाव थायलेरिया ॲन्युलाटा. तो एकाच पेशीचा परजीवी जीव आहे. कॉकेशस पर्वतापलीकडच्या मुलखातल्या गुरांमध्ये १९०४ साली त्याचे पहिले वर्णन झाले. थायलेरिया हे नाव पडले ते दक्षिण आफ्रिकेत गुरांच्या रोगांवर आयुष्यभर काम केलेल्या आर्नोल्ड थायलर या पशुवैद्यकाच्या नावावरून. उत्तर आफ्रिकेपासून तुर्कस्तान, इराण व भारत ते थेट चीनपर्यंत हा रोग पसरलेला आहे.

जंतू गाईपर्यंत पोचतो तो हायलोमा जातीच्या गोचिडीमार्फत. यात एक बाब नीट ध्यानात घ्यावी. गोचिडीच्या अंड्यातून हा जंतू पुढच्या पिढीत जात नाही. अंड्यातून निघालेले गोचिडीचे पिल्लू निर्मळ असते. जंतू बाळगणाऱ्या गाईचे रक्त ते पिते तेव्हा जंतू त्याच्यात शिरतो. मग ते कात टाकते, मोठे होते आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या गाईला चावते तेव्हा लाळेतून जंतू तिच्या अंगात सोडते. म्हणजे रोगाचे बियाणे गोचिडीच्या अंड्यात नसते, ते असते बरी झालेल्या, धडधाकट दिसणाऱ्या गाईत. काणीने ग्रासलेल्या उसाचे बेणे वापरले की रोग नव्या प्लॉटात जातो, हे आम्ही दर हंगामात सांगतो. येथेही तसेच आहे. फरक इतकाच की, बेणे बदलता येते, दुभती गाय अशी सहज बदलता येत नाही.

पांढऱ्या पेशीचा ताबा

गोचिडीच्या लाळेतून आलेला जंतू थेट गाईच्या पांढऱ्या पेशीत घुसतो. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. हा चोर राखणदाराच्याच खोपटात बिऱ्हाड करतो. आत गेल्यावर तो त्या पेशीला सारखे दुभंगायला लावतो. एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशा पेशी वाढत जातात आणि प्रत्येक वेळी जंतूही वाटून दोन्हीकडे जातो. ही वाढ कॅन्सरसारखीच असते. नवल असे की, औषधाने आतला जंतू मेला की पेशीची ती बेफाम वाढ थांबते. यामुळे जगभरचे कॅन्सरचे अभ्यासकही या गुरांच्या जंतूकडे कुतूहलाने पाहतात.

या वाढीनेच गाईच्या खांद्यापुढची लसिका गाठ सुजते. हाताला लागते, पुष्कळदा नुसत्या डोळ्यांना दिसते. ताप १०४ ते १०७ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो. दूध झटक्यात उतरते, गाय रवंथ करीत नाही, धापा टाकते. पुढे जंतू तांबड्या पेशींत शिरतात. त्या पेशी फुटू लागल्या की गाईचे रक्त कमी होते, डोळ्यांच्या आतली कातडी फिकट पडते, कधी पिवळी होते. गाभण गाय गाभडते. वेळीच उपचार झाला नाही तर संकरित गाय हाती लागत नाही.

अँटीबॉडी का पुरत नाहीत

रोगप्रतिकारक शक्ती म्हटले की आपल्याला अँटीबॉडी आठवतात. लस टोचली, अँटीबॉडी तयार झाल्या, रोग टळला, असे सोपे गणित आपण धरून चालतो. पुष्कळ रोगांत ते खरेही आहे. परंतु अँटीबॉडी रक्तात आणि शरीरातल्या द्रवांत फिरतात. जंतू उघड्यावर असेल तर त्याला धरतात. पेशीच्या आत दडून बसलेल्या जंतूपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. दाराला आतून कडी लावून बसलेल्या चोराला रस्त्यावरची गस्त काय करणार?

मग आत चोर आहे हे शरीराला कळते कसे? आपल्या कारखान्यातले उदाहरण घ्या. गव्हाणीत पडलेल्या उसाच्या प्रत्येक कांडीत काय आहे ते डोळ्यांनी दिसत नाही. मिलवरून रसाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि केमिस्ट त्यावरून उसाची परीक्षा करतो. शरीरातल्या पेशी असेच काही करतात. पेशीच्या आत जी प्रथिने असतात त्यांचे बारीक तुकडे करून ती आपल्या अंगावर, एका ठरावीक तबकात मांडून ठेवते. टी पेशी दारोदार हिंडतात आणि तो नमुना तपासतात. घरचाच तुकडा असेल तर पुढे जातात. परक्या जंतूचा तुकडा दिसला की ओळखतात, या पेशीत काहीतरी शिरले आहे.

हा शोध १९७३-७४ साली ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे लागला. लावणाऱ्या दोघांची नावे पीटर डोहर्टी व रॉल्फ झिंकरनागेल. उंदरांवर प्रयोग करून त्यांनी दाखविले की, टी पेशी नुसता जंतू ओळखत नाही. आपल्याच शरीराच्या तबकात मांडलेला जंतूचा तुकडा ओळखते. याबद्दल दोघांना १९९६ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पशुपालकांना आनंद वाटावा अशी गोष्ट म्हणजे यातले डोहर्टी हे मूळचे गुरांचे डॉक्टर. क्वीन्सलँडच्या विद्यापीठातून ते पशुवैद्यक झाले आणि पुढे स्कॉटलंडमध्ये मेंढ्यांच्या एका रोगावर त्यांनी संशोधन केले. तो रोगही गोचिडीपासूनच होणारा होता.

टी पेशींची तीन कामे

टी हे अक्षर थायमस या ग्रंथीवरून आले. ही ग्रंथी वासराच्या मानेत व छातीच्या पुढच्या भागात असते. लहानपणी मोठी असते, वय वाढेल तशी आक्रसत जाते. पूर्वी ती बिनकामाची समजली जाई. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी जन्मतःच उंदरांची थायमस काढून पाहिली, तेव्हा ती पिल्ले साध्यासुध्या रोगांनीही मरू लागली. टी पेशींचे शिक्षण याच ग्रंथीत होते. आपल्याच शरीरावर उठणाऱ्या बहुतेक पेशी तेथेच बाद केल्या जातात आणि कामाच्या तेवढ्या बाहेर पडतात.

बाहेर पडलेल्या टी पेशींत कामाची वाटणी असते. पहिली जात मारक पेशींची. जंतूने ताबा घेतलेली पांढरी पेशी ओळखली की मारक पेशी तिला भिडते, तिच्या अंगाला सूक्ष्म भोके पाडणारे द्रव्य सोडते आणि त्यातून दुसरे द्रव्य आत घालते. ती पेशी स्वतःच मोडून पडते आणि आतल्या जंतूचे बिऱ्हाड उठते.

दुसरी जात मदतनीस पेशींची. या स्वतः मारत नाहीत, इतरांना कामाला लावतात. त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचा रासायनिक निरोप सोडतात. तो मिळाला की जंतू गिळणाऱ्या मोठ्या पांढऱ्या पेशी चवताळतात आणि नायट्रिक ऑक्साइडसारखी जहाल द्रव्ये तयार करून जंतूंना आतल्या आत संपवतात. मारक पेशींची पैदासही मदतनीसांच्या निरोपावर चालते.

तिसरी जात लगाम धरणाऱ्यांची. लढाई लांबली की शरीराचेच नुकसान होते, म्हणून कोठेतरी आवर घालावा लागतो. या नियंत्रक टी पेशींवरील संशोधनाला २०२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. जुनाट परजीवी रोगात हा लगाम फार महत्त्वाचा. फार ढिला सोडला तर शरीर पोळते, फार आवळला तर जंतू माजतो.

पहिल्यांदाच जंतू आलेल्या गाईत नेमका येथेच गोंधळ होतो. जंतूने पछाडलेल्या पांढऱ्या पेशी भलत्याच टी पेशींना उगाच चेतवतात. सगळे पेटून उठतात, पण नेम कोणाचाच नसतो. गावात आग लागल्याची हाळी झाली आणि जो तो बादली घेऊन वेगळ्याच वाड्याकडे पळाला, तसे होते. या गोंधळात जंतू वाढून घेतो. औषधाने किंवा निसर्गाने गाईला थोडी उसंत मिळाली, की नेमक्या ओळखीच्या मारक पेशी तयार होतात आणि मग पारडे फिरते.

जुळ्या वासरांचा प्रयोग

ही राखण टी पेशींचीच, हे कशावरून? याचा स्वच्छ पुरावा केनियातून आला. थायलेरिया ॲन्युलाटाचा एक भाऊबंद, थायलेरिया पार्वा, पूर्व आफ्रिकेत गुरांना मारतो. नैरोबी येथील आंतरराष्ट्रीय पशुरोग संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी एकसारख्या जुळ्या वासरांवर प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. जुळ्यांपैकी एक वासरू रोगातून तावून निघालेले होते. त्याच्यात लढाई चालू असताना लसिकेतून मारक टी पेशी गोळा केल्या आणि रोग कधीच न झालेल्या त्याच्या जुळ्या भावंडाला दिल्या. मग त्या भावंडाला जीवघेण्या मात्रेत जंतू टोचले. ते तगले. जुळीच का घेतली? दुसऱ्या वासराचे तबक वेगळे असते, त्याच्या टी पेशी येथे चालल्या नसत्या. कॅनबेराचा शोध नैरोबीच्या गोठ्यात असा उपयोगी पडला.

आपल्याकडच्या ॲन्युलाटा जंतूतून बऱ्या झालेल्या गुरांतही अशाच मारक पेशी सापडल्या आहेत. आपल्या रोगात गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचा वाटाही मोठा आहे. पण त्यांना चेतवणारा निरोप मदतनीस टी पेशींकडूनच येतो.

बरी झालेली गाय : राखण चालूच

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाय बरी झाली, ताप गेला. पछाडलेल्या पांढऱ्या पेशी बहुतेक संपल्या. परंतु थोडे जंतू तांबड्या पेशींत व शरीराच्या कानाकोपऱ्यात उरतात. टी पेशींतल्या काही आठवणीच्या पेशी म्हणून मागे राहतात. जंतूने डोके वर काढले की त्या ओळखीच्या शत्रूवर तुटून पडतात. आता पहिल्यासारखा गोंधळ होत नाही. म्हणून अशा गाईला पुन्हा जंतूवाली गोचीड चावली तरी ती सहसा आजारी पडत नाही. अल्जीरियातील पाश्चर संस्थेत एदमाँ सेर्जां व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे हेरले होते की, अंगात थोडा जंतू असेपर्यंत गुराला नव्या हल्ल्यापासून संरक्षण राहते.

ऊसवाल्या सभासदांना हे समजायला जड जाऊ नये. २००२ साली लोकरी मावा सांगली जिल्ह्यात दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला. पाने काळी पडली, लोक हवालदिल झाले. औषधे मारून मारून दमले. शेवटी माव्याला आवर घातला तो कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी. आजही मावा समूळ गेलेला नाही. कोठे कोठे दिसतो, पण मित्रकीटक असले की तो हाताबाहेर जात नाही. आणि ज्यांनी घाईने जहाल औषधे फवारली त्यांचे मित्रकीटक मेले आणि मावा पुन्हा उसळला, हेही आपण पाहिले. गाईच्या अंगात टी पेशी तेच काम करीत असतात.

राखण कशाने ढिली पडते

राखणदार आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण त्यालाही खायला लागते आणि त्यालाही थकवा येतो. पूर्वीच्या प्रयोगांत जंतू बाळगणाऱ्या गुरांची प्लीहा काढली तेव्हा गप्प बसलेले जंतू पुन्हा रक्तात दिसू लागले. गोठ्यात कोणी प्लीहा काढत नाही. पण राखण ढिली करणाऱ्या गोष्टी आपल्या हातून रोज होतात.

पहिली गोष्ट ताण. गाय वितानाच्या आगेमागे, लांबच्या बाजारातून गाडीत कोंबून आणली असता, भर उन्हात सावलीशिवाय बांधली असता तिच्या अंगात ताणाचे हार्मोन वाढते. हे हार्मोन टी पेशींना दाबते. बाजारातून आणलेली चांगली गाय पंधरा-वीस दिवसांत तापाने पडते, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण, गोचिडी नसलेल्या गोठ्यात वाढलेली गाय आपल्या गोचिडीवाल्या गोठ्यात आली, तर तिच्या टी पेशींची या जंतूशी आधी ओळखच नसते.

दुसरी गोष्ट उपासमार. पोट भरले म्हणजे पोषण झाले असे नव्हे. गळीत हंगामात वाढे मुबलक मिळते म्हणून कित्येक गोठ्यांत गाय नुसत्या वाढ्यावर ठेवतात. वाढ्यात प्रथिने कमी, शिवाय त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. प्रथिने तुटली की टी पेशींची पैदास घटते आणि कुपोषित वासराची थायमस वेळेआधी आक्रसते. वाढ्याबरोबर घास, लसूणघास, पेंड व खनिज मिश्रण हवेच.

तिसरी गोष्ट स्टेरॉइडची इंजेक्शने. ही औषधे वाईट नाहीत. योग्य जागी जीव वाचवतात. पण ती टी पेशींना झोपवतात. ताप चढला की कोणाकडून तरी 'जोराचे' इंजेक्शन मारून घ्यायचे, दोन दिवस गाय तरतरीत दिसते, घरचे खूष होतात आणि आत जंतू मोकाट सुटतो. रक्त न तपासता असले इंजेक्शन घेणे म्हणजे चोर घरात असताना राखणदाराला गुंगी देणे. स्टेरॉइड द्यायचे की नाही ते पशुवैद्यकानेच ठरवावे.

माणसाचेही असेच आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा थायलेरियाचा लांबचा नातलग मांजराच्या विष्ठेतून किंवा कच्च्या मांसातून माणसात येतो. जगातल्या कित्येक कोटी लोकांच्या मेंदूत व स्नायूंत तो गाठोडे करून जन्मभर गप्प बसतो आणि टी पेशी त्याला गप्प ठेवतात. १९८१ साली एड्स रोग उघडकीस आला. त्याचा विषाणू मदतनीस टी पेशीच खातो. त्या पेशी फार घटल्या की हाच गप्प जंतू मेंदूत उसळतो आणि उपचार झाला नाही तर रोगी दगावतो. राखणीची किंमत राखणदार गेल्यावर कळते, ती अशी.

देशी आणि संकरित

जुनी माणसे म्हणतात, "आमच्या खिल्लारीला असला ताप कधी ठाऊक नव्हता." यात तथ्य आहे. ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साहिवाल व होल्स्टीन वासरांना सारख्याच मात्रेत हा जंतू टोचला. दोघांनाही लागण झाली. पण साहिवाल वासरांचा ताप कमी चढला आणि ती सावरली, होल्स्टीन वासरांची अवस्था मात्र गंभीर झाली. हजारो वर्षे या जंतूबरोबर नांदलेल्या वशिंडाच्या गुरांची प्रतिकाराची रीत बेताची आहे, ती उगाच पेटत नाही. याचा अर्थ संकरित गाय विकून टाका असा नाही. दूध तीच देते. अर्थ इतकाच की, देशी गाईला जे निसर्गाने दिले, ते संकरित गाईला आपण मिळवून दिले पाहिजे.

लस जिवंत का लागते

ते मिळवून देण्याचा मार्ग लस. टी पेशीला पेशीच्या आतला जंतूच दाखवावा लागतो, म्हणून मेलेल्या जंतूची लस येथे नीट काम देत नाही. इस्रायलमध्ये १९४० च्या दशकात हा जंतू पांढऱ्या पेशींसकट प्रयोगशाळेत वाढविण्यात यश आले. दीर्घकाळ असा वाढविला की त्याची मारकशक्ती जाते, मात्र टी पेशींना ओळख पटण्यापुरता तो जिवंत राहतो. याच पद्धतीवर आपल्या देशात हिस्सार येथे व पुढे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळामार्फत काम झाले आणि हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने 'रक्षाव्हॅक-टी' ही लस काढली. ही लस म्हणजे जिवंत पेशी. कृत्रिम रेतनाच्या कांड्यांप्रमाणे ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सियसला ठेवावी लागते आणि बाहेर काढल्यावर लवकर टोचावी लागते. थंडीची साखळी तुटली तर टोचलेले पाणी आणि लस यांत फरक उरत नाही. लस गोचीड रोखत नाही, जंतू शिरणेही रोखत नाही. ती टी पेशींना आधीच ओळख करून देते.

उपचारासाठी ब्युपारव्हाकोन हे चांगले औषध १९८० च्या दशकापासून आहे. लवकर दिले तर गुण येतो. परंतु ट्युनिशिया व इराणमध्ये त्याला दाद न देणारे जंतू आढळले आहेत. अर्धवट मात्रा देणे आणि निदानाशिवाय वापरणे यामुळे ही वेळ आपल्यावर येऊ नये.

सभासदांनी काय करावे

१. खांद्यापुढची गाठ रोज धार काढताना चाचपावी. गाठ सुजली व ताप असला तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे. रक्ताची किंवा गाठीच्या पाण्याची काच तपासून घ्यावी.

२. औषधाची मात्रा पशुवैद्यक सांगतील तेवढी पूर्ण द्यावी. गाय खायला लागली म्हणून मधेच थांबू नये.

३. बरी झालेली गाय जंतू बाळगते असेच धरून चालावे. तिच्या अंगावर गोचीड राहू देऊ नये, कारण तिच्यावरून निघालेली गोचीडच शेजारच्या कालवडीला रोग देते.

४. हायलोमा गोचीड गोठ्याच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत कात टाकते. भेगा लिंपाव्यात, भिंतींना चुना द्यावा. गोचीडनाशक जनावरावर व गोठ्यात एकाच वेळी, सांगितलेल्या प्रमाणातच वापरावे. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर विशेष लक्ष द्यावे.

५. विकत आणलेली गाय पंधरा-वीस दिवस वेगळी बांधावी, ताप पाहावा, रक्त तपासावे.

६. संकरित वासरांच्या लसीबद्दल व तिच्या उपलब्धतेबद्दल पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवावे. गाभण गाईबाबत त्यांचा सल्ला घेतल्याशिवाय लस टोचू नये.

७. वासराला जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजावा. चिकातल्या अँटीबॉडी इतर पुष्कळ रोगांपासून राखतात. मात्र या तापासाठी त्याच्या स्वतःच्या टी पेशीच तयार व्हाव्या लागतात. त्यांना पोषण द्यावे.

आमच्या गटाच्या कर्मचाऱ्यांकडे सभासद उसाच्या बिलाबद्दल विचारतात तसे गोठ्याबद्दलही विचारतात. त्यांना आमची सूचना आहे की, तापाची गाय दिसली तर स्वतः औषध सुचवू नये. सभासदाला लगेच पशुवैद्यकाकडे पाठवावे. गट कार्यालयात पशुवैद्यकाचा फोन नंबर फळ्यावर लिहून ठेवला आहे. तो सभासदांनी आपल्या घरच्या भिंतीवरही उतरवून घ्यावा.

— ऊस विकास अधिकारी